जर्नेलची सोबत

साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. कचेरीत बोलावलं तर फार तर खरडपट्टी निघते. बंगल्यावर बोलावणं म्हणजे बदली, हा पौडच्या मामलेदार कचेरीतला आजवरचा अनुभव. आणि त्या वर्षी बदली म्हणजे वेल्हे. वेल्ह्याशी माझं काही वाकडं नाही. गाव चांगलंच असणार. पण पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद व्हायचा, डॉक्टर पुण्यात, आणि माझ्या बायकोला, कुमुदला, दिवस गेलेले. आमचं पहिलंच. मी एरवीही भित्रा माणूस आहे, लपवत नाही. समोरून रेडा आला की मी रस्ता बदलतो, पोस्टमन दारात थांबला की मला घाम फुटतो. पण ही भीती त्यातली नव्हती. डोळे मिटले की मला चिखलात रुतलेली बैलगाडी आणि तिच्यात कळा देणारी कुमुद दिसायची.

मामलेदार खानविलकरसाहेब व्हरांड्यात उभे होते. शेजारी टेबलावर लोखंडी चौकटीची काचेची पेटी, तिच्यात पाणी, आणि पाण्यात बोटाएवढा एक मासा. अंग निळं, शेपटीकडे लाल होत गेलेलं, आणि शेपूट तरी केवढं! अंगापेक्षा शेपूटच मोठं.

"गुर्जर, हा जर्नेल," साहेब म्हणाले. "सयामचा लढाऊ मासा. मिसेसचा जीव आहे त्याच्यावर. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आम्ही मुंबईला चाललो. तोवर हा तुमच्याकडे."

"साहेब, आमच्याकडे... म्हणजे आम्ही खात नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे! बाकी सगळी कचेरी खाते."

मी धीर करून विचारलं, "साहेब, ते वेल्ह्याचं..."

"ते मी आल्यावर बघू," साहेब पेटीकडे बघत म्हणाले. "आधी हा कसा राहतो ते बघू."

झालं! माझी बदली, कुमुदचं बाळंतपण आणि आमच्या घराण्याचा पुढचा अंकुर, सगळं त्या बोटभर प्राण्याच्या शेपटीला बांधलं गेलं.

दोन शिपायांनी पेटी उचलली. पाऊस लागलेला. माझ्याजवळ एकच छत्री, ती मी जर्नेलवर धरली आणि स्वतः भिजत बाजारपेठेतून चाललो. लोक ओट्यांवरून उठून बघत होते. एकानं तर देवाची स्वारी समजून हात जोडले.

आम्ही हैबतरावांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हैबतरावांची कोळवणाला भातशेती, पौडात घर, आणि दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला द्यायचा हा धंदा. पेटी आत जाताना ते म्हणाले, "भाऊसाहेब, सरावन चाललाय. सरावनात मासा?"

"खायला नाही हो. पाळायला."

"पाळायला?" हैबतरावांनी पेटीला एक प्रदक्षिणा घातली. "दूध देतो का अंडी?"

कुमुदनं तर पदर नाकाला लावला. ती सदाशिव पेठेतली. माझे सासरे चातुर्मासात कांद्यालाही उंबरा ओलांडू देत नाहीत. पेटी देवघरापासून लांब, खिडकीपाशी ठेवायची, या अटीवर तिनं जर्नेलला घरात घेतलं. "मेला तर मी शिवणार नाही," तीही एक अट.

"मेला" हा शब्द घरात काढायचा नाही, असं मी तिला जरा जोरातच बजावलं.

जर्नेल काय खातो? डासांच्या अळ्या. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, ताज्या आणि वळवळत्या. मी मागच्या अंगणात जुन्या बादलीत पाणी साठवून अळ्या पाळायला लागलो. आता याला योग म्हणायचा की साडेसाती, पण आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत हिवताप खात्याचे इन्स्पेक्टर शिंगटे राहत होते. डास हा त्यांचा खाजगी शत्रू. पायलीभर तांदूळ निवडावेत तशा नजरेनं ते गावातली डबकी निवडत फिरायचे.

एका सकाळी शिंगटे डीडीटीचे पंप आणि माणसं घेऊन दारात हजर! घरोघर भिंतींवर फवारणी चालली होती. त्या औषधानं मासे पटापट मरतात हे मला शिंगट्यांनीच एकदा अभिमानानं सांगितलं होतं. मी दारात दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"गुर्जर, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"सरकारी कामात अडथळा आणताय. स्वतः सरकारी नोकर असून!"

"आत मामलेदारसाहेबांचा मासा आहे," मी म्हणालो. मामलेदार हा शब्द ऐकून पंप खाली आले, पण तेवढ्यात शिंगट्यांच्या माणसाला मागची बादली सापडली. शिंगटे बादलीवर वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "माझ्या शेजारी," ते म्हणाले, "माझ्या भिंतीला लागून! मी सबंध मुळशी तालुका पिंजून काढतो, आणि माझ्या शेजारी पैदास!"

खटला भरीन, असं ते म्हणाले. मी हातापाया पडलो. शेवटी तोडगा निघाला: फवारणी फक्त स्वयंपाकघरात, तीही पेटी हैबतरावांच्या ओट्यावर नेऊन, आणि बादलीत शिंगटे आपले गप्पी मासे सोडणार. गप्पी म्हणजे हिवताप खातं विहिरींत सोडतं ते अळ्या खाणारे छोटे मासे, चांगले सरकारी सेवेतले. अळ्या कुणी आधी गाठायच्या याची रोज सकाळी त्यांची आणि माझी शर्यत लागायची. मी गाळणं घेऊन पहाटेच बादलीशी बसायचो.

इतकं करून जर्नेल खूश असावा की नाही? छे! तो तळाशी जाऊन बसला. हलेना, खाईना. मधून वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि पुन्हा खाली. मी कचेरीतून दुपारी दोनदोनदा घरी येऊन बघायचो. तो हलला की मला बरं वाटायचं, थांबला की माझा श्वास थांबायचा.

"येकटा हाय त्यो," हैबतराव ओट्यावरून म्हणाले. "येकट्या बैलाला तरी करमतं का? सोबत द्या त्याला."

शिंगट्यांनाही हे पटलं. बादलीतले गप्पी त्यांनी स्वतःच्या हातानं पेटीत सोडले. गप्पीसुद्धा शेपटीवाले, रंगीत. "जातभाईच म्हणा ना," शिंगटे म्हणाले.

जर्नेलनं वर बघितलं. कल्ले उभे केले, शेपूट फुलवलं आणि एकदम दुप्पट झाला. मग जे झालं ते मी पूर्ण बघितलं नाही, कारण मी डोळ्यांवर हात घेतले होते. कुमुदनं बघितलं. शेपटीवाला एकही गप्पी धड राहिला नाही. शिंगट्यांनी काचेवर हात टेकला. "ड्यूटीवर गेले," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

जर्नेलला शेपूटवाला दुसरा कुणी खपत नाही, हे त्या दिवशी कळलं. नंतर एकदा मी खिडकीत दाढी करत होतो, तर आरशात स्वतःलाच बघून तो काचेवर थडाथड धडका द्यायला लागला. माझी दाढी अर्धी राहिली. स्वतःचं प्रतिबिंबसुद्धा न सोसणारा प्राणी! तेव्हापासून मी दाढी अंगणात, पावसात, छत्रीखाली करायला लागलो.

पण तो पुन्हा तळाशी जाऊन बसला होता आणि सोबत तर हवीच होती. मी विचार करकरून ठरवलं: सोबती हवा तो शेपूट नसलेला, रंग नसलेला, गरीब स्वभावाचा. हिवाळीपाड्याची साळूबाई लाकडाची मोळी घेऊन दर बाजाराला यायची, ओढ्याओहोळात तिचा रोजचा वावर. मी तिला आमच्या मागच्या दाराशी गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणालो, "साळूबाई, बारके मासे मिळतील का? जिवंत पाहिजेत. पण कुणाला बोलू नका."

साळूबाईनं आधी माझ्या जानव्याकडे बघितलं, मग घराकडे, मग माझ्याकडे. आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "व्हय व्हय, समाजलं," ती म्हणाली. "कुनाला न्हाई सांगत. तुमी काय बी काळजी करू नका भाऊसाहेब."

तिला काय समजलं ते मला समजलं नाही. मी काळजी करायची सोडून दिली, आणि तिथंच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी पानानं झाकलेला तांब्या, आत मासे. हे ठीक. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन तांबे. मग एक परडी, आत खेकडे. मग कोळवणाहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं हातात गाडगं दिलं, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "वैनींना बरं हाय ना?" कचेरीत शिपाई माझ्याशी एकाएकी मायेनं वागायला लागले. शेतसाऱ्याच्या तक्रारी घेऊन येणारे लोकही जाताना हळूच विचारायचे, "पोचलं का?" माझी पाचावर धारण बसली. सरकारी नोकरानं असं घेणं म्हणजे लाच! मागच्या दारानं येते म्हणजे तर नक्कीच लाच!

मी एक गाडगं परत करायला गेलो तर हैबतरावांची बायको सगुणाबाई आडवी आली. "भाऊसाहेब, लाजायचं काय त्यात? बाईमानसाला डोहाळं काय बी लागत्यात. माझ्या थोरलीच्या येळंला मी चुलीची माती खाल्ली. बामनाच्या बाईला मासा खावा वाटला तर पाप न्हाई लागत. डोहाळं ऱ्हायलं तर मातुर पोराची लाळ गळती जलमभर."

मी जागच्या जागी गार झालो. श्रावणात ब्राह्मण कारकून हळू आवाजात जिवंत मासे मागतो, घरात बायको गरोदर. गावानं हिशेब केला होता, आणि हिशेबात चूक अशी काहीच नव्हती! सबंध पौड, पिरंगुटापासून कोळवणापर्यंतचे लोक, कुमुदचे डोहाळे पुरवत होते. आणि तेही इतक्या गुपचूप की फक्त मला आणि कुमुदलाच माहीत नव्हतं.

"अहो सगुणाबाई, तसं काही नाही! मासे त्या जर्नेलला सोबत म्हणून..."

"व्हय व्हय," त्या हसल्या. "जर्नेलच्या नावानं म्हना की. कुनी इचारलं तर आमी बी तसंच सांगू."

त्या संध्याकाळी, स्वतः श्रावण पाळणाऱ्या सगुणाबाईंनी गोठ्यातल्या वेगळ्या चुलीवर खेकड्यांचा रस्सा केला आणि वाडगा झाकून आमच्या दारात ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर सासरे उभे राहिले. ही बातमी एस.टी.नं पुण्याला पोचायला असा कितीसा वेळ? वाडगा परत करावा तर डोहाळ्याचा मान मोडतो, ठेवावा तर धर्म बुडतो. मी वाडगा तसाच ओट्यावर ठेवून डोक्याला हात लावून आत बसलो. सकाळी बघतो तर वाडगा चाटूनपुसून रिकामा.

"मांजरानं खाल्लं असेल," कुमुद माझ्याकडे न बघता म्हणाली.

आमच्याकडे मांजर नव्हतं. पण त्या दिवशी मला त्याहून मोठ्या चिंता होत्या, म्हणून मी तो विषय वाढवला नाही.

कारण परडीतला एक खेकडा पेटीत शिरला होता. कसा शिरला, कुणी टाकला, कळलं नाही. जर्नेल एका कोपऱ्यात, खेकडा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधे मी गाळणं घेऊन. मी गाळणं बुडवलं, खेकड्यानं ते धरलं, मी किंचाळून हात झटकला, आणि खेकडा उडून खोलीत कुठंतरी पडला. कुमुद खाटेवर चढून उभी राहिली. त्या अवस्थेत! मी तिला खाली ये म्हणू की वर राहा म्हणू? मी स्वतः टेबलावर होतो. अखेर हैबतरावांनी येऊन शांतपणे खेकड्याला नांग्यांमागून धरलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यो सोबतीचा न्हाई. ह्यो रश्श्याचा."

मासे मात्र मी एकेक करून पारखले. चपळ होते ते ओढ्यात सोडून दिले, चमकते होते तेही. उरले ते दोन करडे, मान खाली घालून तळाशी रेती चघळत फिरणारे, आणि एक गोगलगाय. यांना शेपूट नावाला, रंग चिखलाचा, आणि जर्नेल जवळून गेला की ते दगडाआड सरकायचे. तो गेला की पुन्हा खाली मान घालून काम सुरू. मी बघत राहिलो. मला ते फार ओळखीचे वाटले. कचेरीत आम्ही असेच तर वागतो.

आणि जर्नेलला ते चालले! तो उठला, फिरायला लागला, खायला लागला. मी कचेरीतून आलो की काचेजवळ येऊन उभा राहायचा. मी डावीकडे गेलो की डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. "सोबत सोबत म्हणून गाव हिंडलात," कुमुद म्हणाली, "त्याला तुम्हीच लागता." मला बरं वाटलं हे कबूल करतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला बघून कुणी हुकूम सोडत नव्हतं.

साहेब परत यायचे त्या सकाळी मी उठून पेटीकडे बघितलं आणि मटकन खाली बसलो. पाण्यावर फेस! कोपऱ्यात दाट, पांढरा फेस, आणि त्याखाली तोंड उघडंमिटं करत जर्नेल.

हैबतरावांनी बघून टोपी काढली. "बैलाच्या तोंडाला आसा फेस आला की संपलं," ते म्हणाले. शिंगटे म्हणाले विषबाधा. सगुणाबाईंनी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणल्या. माझ्या डोळ्यांपुढे तीच बैलगाडी, तोच चिखल. कुमुद माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला रडू येत होतं आणि कशासाठी येतंय हे कळत नव्हतं, वेल्ह्यासाठी की त्या दोन घोट हवेवर जगणाऱ्या जिवासाठी.

तेवढ्यात जीप थांबली. साहेब आत आले, मागून शिपाई एक काचेची बरणी आणि एक डबा घेऊन. साहेब पेटीवर वाकले. मी भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो.

"फेस!" साहेब म्हणाले.

"साहेब, मी सगळे उपाय..."

"अहो गुर्जर, हे घरटं आहे! नर घरटं बांधतो असं. मजेत असला की बांधतो." साहेबांचा आवाज जरा खाली आला. "माझ्याकडे कधी बांधलं नाही त्यानं."

मला एकदम हलकं वाटलं. हैबतरावांनी टोपी पुन्हा घातली. पण साहेब बरणीकडे वळले. "एकटाच असतो बिचारा. म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटातून त्याला भाऊच आणलाय." बरणीत दुसरा जर्नेल. लालभडक, तेवढंच शेपूट. साहेबांनी झाकण काढलं आणि बरणी पेटीवर तिरपी केली.

"साहेब, हात मागं घ्या!"

हे कोण ओरडलं ते मला आधी कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा कळलं. शिपायाच्या हातातला डबा खाली पडला. साहेबांचा हात तसाच हवेत.

"गुर्जर, तुम्ही माझ्यावर ओरडलात?"

"हो साहेब." मी पुढं होऊन बरणी धरली. "दोघांतला एक मरेल साहेब. बदली करा, काय वाटेल ते करा, पण मी हे होऊ देणार नाही."

कुमुदनं न सांगता माझा दाढीचा आरसा आणून काचेला लावला. जर्नेलनं स्वतःला बघितलं, कल्ले उघडले, शेपूट फुलवलं आणि काचेवर जी धडक दिली ती साहेबांनी हातभर अंतरावरून पाहिली. साहेब मागं सरकले. कुमुदनं आरसा काढला.

"वेल्ह्याला माणूस पाठवायचाच आहे," साहेब शेवटी म्हणाले. मी डोळे मिटले. "पण तुम्ही गेलात तर याला कोण बघणार?" त्यांनी लाल माशाची बरणी माझ्या हातातच राहू दिली. "माझ्या बंगल्यावर दोन ठेवायचे नाहीत, मिसेस ऐकायची नाही. जर्नेल मी नेतो. हा तुमच्याकडे. मी पौडला आहे तोवर तुम्ही पौडला. समजलं?"

"समजलं साहेब."

"आणि परत माझ्यावर ओरडू नका." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "हो, तो डबा. मिसेसनी वहिनींसाठी सुके बोंबील दिलेत. शिपायांनी मुंबईला फोन करून डोहाळ्यांचं कळवलं होतं."

साहेब गेले. जर्नेलची पेटी, ते दोन करडे, गोगलगाय, फेसाचं घरटं, सगळं जीपमध्ये चढलं. जाताना जर्नेल काचेजवळ आला होता. मी बघितलं नाही, कारण बघवलं नसतं. खिडकीपाशी लोखंडी चौकटीचा ओला ठसा तेवढा राहिला. वेल्हे टळलं होतं आणि मला हसू यायला हवं होतं.

हैबतराव ओट्यावरून उठून दारात आले आणि माझ्या हातातल्या बरणीत डोकावले.

"ह्यो बी येकटाच का वो भाऊसाहेब? करमायचं न्हाई त्याला."

मी दार लावलं आणि आतून कडी घातली. मागं डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग वास. मी वळून बघितलं तर कुमुद डबा छातीशी धरून उभी होती.

"मांजरासाठी ठेवते," ती म्हणाली.

मी मघाशीच मामलेदारावर ओरडलो होतो. पण हिला काही विचारायची माझी छाती झाली नाही.